मुशी सुटली, जाळ्याचे काय?

आमचा बीड जिल्हा दुष्काळाचा आणि ऊसतोडीचा. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला, दादरच्या चैत्यभूमीवर. तरीही या वेळी समुद्रातल्या एका माशाविषयी लिहीत आहोत. कारण त्याच्या गोष्टीत आपल्या घरचा प्रश्न आहे.

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. नावात व्हेल असले तरी जात मुशीची. लांबी चाळीस फुटांपर्यंत, पण खाणे पाण्यातले बारीक जीव. माणसाच्या वाटेला ती जात नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर छोट्या होडीचे मच्छीमार बांगडा, सुरमईसाठी जाळे टाकतात आणि एखाद्या दिवशी हे धूड त्यात गुंतते. २००१ साली केंद्र सरकारने या मुशीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. तेव्हापासून तिला मारणे गुन्हा. सोडायची म्हटले तर बहुधा जाळेच कापावे लागते. आणि जाळे हेच त्या घराचे पोट!

थंड समुद्रातही हाच पेच आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बास्किंग शार्क नावाची अशीच गरीब स्वभावाची प्रचंड मुशी सामन माशांच्या जाळ्यांत अडके आणि जाळी फाडी. तेथील सरकारने काय करावे? १९५५ साली मत्स्यखात्याच्या एका बोटीच्या पुढच्या टोकाला धारदार पाते बसवले आणि पाण्यावर आलेल्या मुशी कापायला सुरुवात केली. अशा शेकडो मुशी मारल्या गेल्या. पुढे २०१० साली त्याच देशाला ही मुशी आपल्या त्या किनाऱ्यावरून नाहीशी होण्याच्या बेतात आहे, असे कायद्याने जाहीर करावे लागले.

महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस वेगळी वाट धरली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. प्राणी सोडल्याचे फोटो किंवा चित्रण अर्जासोबत जोडायचे. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना चालवतात. व्हेल शार्क, कासवे, डॉल्फिन असे जीव त्यामुळे पुन्हा पाण्यात गेले.

आम्हा धम्मबांधवांना यात नवल वाटू नये. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत याची यादीच कोरून ठेवली. त्यात मासेही आहेत. ठरावीक दिवशी मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत, असेही त्यात सांगितले आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसा समजावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. जाळ्यात चुकून मुशी अडकली, त्यात मच्छीमाराची इच्छा कुठे होती? मग दोष त्याचा नाही. परंतु तिला सोडण्याचा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकला, तर करुणा गरिबाची आणि शाबासकी इतरांची, असे होईल. ज्याचे नुकसान होते त्याला समाजाने भरून द्यावे, हीच खरी मैत्री.

मात्र एक गोष्ट राहून जाते. भरपाई कापलेल्या जाळ्याची. जाळे ज्याच्या मालकीचे, पैसे त्याचे. होडीवर रोजाने किंवा वाट्याने राबणाऱ्या खलाशाचा बुडालेला दिवस कोण मोजणार?

आता आपल्याकडे पाहा. गारपीट झाली, पाऊस कोपला की तलाठी येतो, पंचनामा होतो. सातबारा ज्याच्या नावावर, अनुदान त्याच्या खात्यावर. शेतकऱ्याला ते मिळालेच पाहिजे, त्याचेही घर बुडालेले असते. परंतु त्याच शेतात कापूस वेचणाऱ्या आपल्या आयाबहिणींचा बुडालेला रोज कोणत्या रकान्यात लिहिला जातो? त्यांच्या नावाने सातबारा नाही, म्हणून नुकसानही नाही?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पुढचा पंचनामा होईल तेव्हा ग्रामसभेला जा. बायकांनी तर जावेच. शेतमजुरांचे किती रोज बुडाले, ते नावानिशी सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिल्याबरोबर पैसे मिळतील, असे आम्ही म्हणत नाही. पण जे कागदावर नाही, ते सरकारला दिसत नाही. पाण्यातल्या मुक्या मुशीचे नाव कायद्यात लिहिले गेले तेव्हाच तिचा जीव वाचू लागला. आपल्याला तर तोंड आहे, आणि बाबासाहेबांनी दिलेली लेखणीही आहे.

जयभीम!