सात वाजताचा भोंगा

यंदा मंडळाच्या कोजागिरीला मसाला दूध उकळेपर्यंत पालकांचं चर्चासत्र होतं. विषय, मुलांना अभ्यासाची गोडी कशी लावावी. तासभरात त्या गोडीखेरीज बाकी सगळं चर्चेत आलं. गणिताला कुमॉनचा क्लास बरा की रशियन मॅथचा, कुठल्या टाउनमधल्या शाळा चांगल्या, कुठल्या क्लासला किती वेटिंग. शेवटी मागच्या रांगेतल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीला कुणीतरी कौतुकानं विचारलं, "तू घरी अभ्यास कधी करतेस गं?" ती म्हणाली, "आई-बाबांचे फोन चार्जिंगला असतात तेव्हा." सगळे हसले, आणि हसता हसता निम्म्यांनी हातातला फोन पाहिला. मला काही हसू आलं नाही. तेव्हाचा राग इथे उतरतो आहे. संपादकांनी कात्री लावली तर माझी तक्रार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अभ्यासाला आधी घरातल्या मोठ्यांनी बसायला हवं. मूल मागून येतं. क्लासची फी भरून हे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून तीन-एक हजार वस्तीचं गाव आहे. करोनात शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती फोन आले, आणि शाळा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात. मग 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावानं ठराव केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद राहणार. आधी बायकांनी हा विषय उचलून धरला, पुरुषमंडळी सुरुवातीला हसण्यावारी नेत होती. पण शिक्षक, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीची माणसं दारोदार फिरली आणि भोंग्याचा वचक बसला. पुढे याची बातमी देशभर गेली. बातमीचा मथळा मुलांचा होता, पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. त्या दीड तासात मालिका कुणाची बुडाली? आजीची. व्हॉट्सअ‍ॅप कुणाचं थांबलं? बापाचं. यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळच्या बांशी गावानं त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्यांना मोबाईल बंदी केली. हेतू चांगलाच, पण मला वडगावचा मार्ग पटतो, कारण त्यात मोठ्यांना सूट नाही.

आता माझ्या परभणीचं ऐकवते. जगात जर्मनी, भारतात परभणी, तेव्हा ऐकून घ्यावंच लागेल. माझे आजोबा त्याच जिल्ह्यातल्या सेलूचे. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे शाळेत मराठीला जागा बेताचीच. मराठी टिकली ती घरात, दिवेलागणीनंतरच्या परवच्यात. रामरक्षा, मग तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, तरी घरातला परवचा वडिलांच्या पिढीपर्यंत चालू राहिला. मुलांना कुणी "जा, अभ्यास कर" म्हणत नसे. पणजी वाती वळायला बसलेली, पणजोबा जमाखर्चाच्या वहीत, आणि त्यांच्यामध्ये मुलं. उठून जायला दुसरीकडे काही चालूच नसायचं. इथे परदेशात राहून मराठी शिकवू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. आपली मुलंही शाळेत दुसऱ्याच भाषेत असतात. रविवारी मराठी शाळेत 'क' ते 'ज्ञ' गिरवतात आणि पुस्तक पुढच्या रविवारपर्यंत गाडीच्या डिकीत राहतं. ते पोरांनी ठेवलं म्हणावं तर डिकीची किल्ली कुणाकडे असते?

माझ्या दादाचं परभणीत मोंढ्यात बी-बियाणांचं दुकान आहे. रात्री आठला घरी येतो, जेवतो आणि दिवसभराचा हिशेब घेऊन टेबलाशी बसतो. समोर त्याची दोन्ही लेकरं. तो युरियाच्या गोण्या जुळवतो, ती भूमितीची प्रमेयं. कुणी कुणाला शिकवत नाही. मी इथल्या सकाळी फोन लावला की वहिनी दोन शब्दांत कटवते, "ताई, लेकरं बसलेत अभ्यासाला, मागून बोलू." पहिल्यांदा मला राग आला होता. आमच्याकडे मात्र संध्याकाळी मुलगा डायनिंग टेबलावर फ्रॅक्शन्सशी झुंजतो, नवरा सोफ्यावर क्रिकेट पाहतो (आवाज बंद करून, म्हणजे त्यागच की!), आणि मी भाजी ढवळता ढवळता दुसऱ्या हातानं मंडळाच्या ग्रुपवर अंगठे देते. त्या मुलानं एकाग्रता शिकायची कुणाकडून?

कुमॉनचीच गोष्ट घ्या. जपानमध्ये 1954 साली तोरू कुमॉन नावाच्या गणिताच्या शिक्षकानं आपल्या दुसरीतल्या मुलासाठी घरी बसून गणितांचे कागद लिहायला सुरुवात केली. रोज थोडेच, पण रोज. एका बापानं संध्याकाळ मोजून दिली, त्यातून ती पद्धत उभी राहिली. आपण तिच्यासाठी मुलाला गाडीत घालून स्ट्रिप मॉलमध्ये सोडतो आणि पार्किंगमध्ये फोन बघत बसतो. इथल्या शिक्षकांना विचारा, ते इयत्तेमागे दहा मिनिटं सांगतात. पाचवीला पन्नास मिनिटं. म्हणजे वेळही फार मागत नाहीत कुणी.

प्रवचन झालं खरं, माफ करा. मला माहीत आहे की इथे दोघांच्या नोकऱ्या आहेत, स्वयंपाकाला बाई नाही, रात्री साडेआठला बंगळूरचा कॉल असतो. आणि गावाकडचं सगळं सोन्याचं होतं असंही नाही. गंगाखेड, जिंतूरकडची किती कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांची लेकरं एक तर फडावर जातात, नाही तर आजीकडे आणि हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांनी परवचा कुठे म्हणायचा? शेजारच्या लातूरला खोली करून, नातेवाइकांची तोंडं न बघता बारावी काढणाऱ्यांचंही मला फारसं कौतुक नाही. त्याला अभ्यास म्हणावं का, हा वेगळा लेख होईल. तो मी लिहिणार नाही, आमच्या नात्यातले निम्मे डॉक्टर त्यातूनच निघालेत. गृहपाठ चक्क एआयकडून करून घेणाऱ्या पोरांबद्दलही बोलायचं होतं, जागा संपली.

तेव्हा कार्यकारिणीला एकच विनंती. भोंगा आपल्याला लावता येणार नाही, शेजारी पोलिसांना बोलावतील. पण सोमवार ते गुरुवार संध्याकाळी सात ते साडेआठ मंडळाच्या ग्रुपवर एकही निरोप टाकू नये. ढोलताशाच्या सरावाची वेळ, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी, सुप्रभातची उरलेली फुलं, काहीही नको. समितीच्या झूम बैठकाही नंतर घ्याव्यात. त्या तशाही नऊशिवाय सुरू होत नाहीत. ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मी मांडते, अनुमोदक हवा आहे. कुणाचा आक्षेप असेल तर जरूर फोन करावा, साडेआठनंतर.