हाल कुणी केले ते विचारा!

नायजेरियातल्या कर्तबगार माणसांच्या मुलाखतींचं सध्या अमाप पीक आलंय. लागोसचा एखादा कारखानदार, अबुजाची कपडेवाली डिझायनर, कुणी सिनेमावाला, कुणी गायक. समोर माईक, मागे कुंडीतलं झाड. आणि प्रश्न एकच, घासून घासून गुळगुळीत झालेला: एवढ्या हालअपेष्टांवर तुम्ही मात कशी केली? मग तो माणूस सांगतो. आई रस्त्यावर चवळीची भजी विकायची. घरात वीज नव्हती. फी भरली नाही म्हणून शाळेतून हाकललं. पण जिद्द सोडली नाही, देवावर भरवसा ठेवला, आणि आज बघा! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मुलाखतवाला खूश. लगेच बँकेची जाहिरात.

थांबा. जाहिरात नंतर बघू.

वीज का नव्हती? १९५६ साली ओलोइबिरीला तेल सापडलं. १९५८ पासून तो देश जगाला तेल विकतोय. त्या तेलावर लंडनचे दिवे लागले, आणि लागोसची पोरं मेणबत्तीवर का शिकली? फीचे पैसे कुणी खाल्ले? भजीवालीची पाटी कुठल्या हवालदाराने लाथेने उडवली? हे प्रश्न मुलाखतीत येत नाहीत. तिथं गरिबी म्हणजे पाऊस. वरून पडतो, त्याला कोण काय करणार? ज्याच्याकडे जिद्दीची छत्री तो वाचला, बाकीचे भिजून मेले, त्यांचं नशीब!

ह्याला मी लबाडी म्हणतो. शुद्ध, धुतलेली, इस्त्री केलेली लबाडी.

मित्रहो, त्या माणसांशी आपलं भांडण नाही. त्यांचा घाम खरा, पाठीवरचे वळ खरे. भांडण आहे ते विचारणाऱ्याशी. खड्ड्यातून वर आलेल्याला हा विचारतो, चढलात कसे? खड्डा कुणी खणला, हे विचारायची ह्याची छाती होत नाही. खणणारा कित्येकदा पहिल्या रांगेत पाहुणा म्हणून बसलेला असतो ना!

पुरावा पाहिजे? घ्या.

इग्बो व्यापाऱ्यांच्या यशोगाथा ह्या मंडळींच्या फार लाडक्या. ओनित्शा, आबा, न्नेवी ही त्यांची बाजाराची गावं. १९६७ साली पूर्वेकडच्या इग्बो लोकांनी बियाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला. केंद्र सरकारने युद्ध पुकारलं, नाकेबंदी केली, अन्न अडवलं. लाखोंनी माणसं मेली, गोळीपेक्षा भुकेने जास्त, त्यात लेकरं किती तरी. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपलं. सरकार म्हणालं, कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, सगळे भाऊ. आणि ह्या भावांनी युद्धाच्या काळात बँकेत जे काही ठेवलं होतं, त्याच्या बदल्यात प्रत्येक खातेदाराच्या हातावर वीस पौंड टेकवले. खात्यात शंभर असोत नाहीतर दहा हजार. सरसकट वीस! पोर्ट हारकोर्टमधली इग्बोंची घरं 'बेवारस मालमत्ता' म्हणून गिळली. मालक जिवंत, दारात उभा, आणि घर बेवारस. लगेच १९७२ साली हुकूम निघाला की परदेशी कंपन्यांच्या धंद्यातला हिस्सा देशी माणसांना विकायचा. खिशात वीस पौंड असलेला माणूस काय विकत घेणार? शेअर? घंटा!

आता यशोगाथेत ह्यातलं काय उरतं? 'वडिलांनी वीस पौंडांवर धंदा उभा केला.' टाळ्या. वीस कुणी ठरवले, उरलेले कुणाच्या घशात गेले, ह्यावर चकार शब्द नाही. दरोड्याची रक्कम भांडवल म्हणून सांगायची आणि दरोडेखोराचं नाव गाळायचं. वा रे प्रेरणा!

शिवाय हे लोक एकेकटे जिद्दीने उठले, हीसुद्धा थाप. त्यांच्यात 'इग्बा बोय' नावाची रीत आहे. गावातलं गरीब पोरगं व्यापाऱ्याकडे राहायला जातं. पाच, सहा, सात वर्षं पगार नाही. जेवण, झोपायला जागा आणि धंद्याचं शिक्षण. मुदत संपली की मालकाने त्याला भांडवल द्यायचं, वेगळं दुकान थाटून द्यायचं. मग ते पोरगं आणखी एका पोराला हाताखाली घेतं. बँकांनी पाठ फिरवली तेव्हा ह्या रीतीने बाजारच्या बाजार पुन्हा उभे केले. एकाने दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मुलाखतवाला मात्र ह्या साखळीतली एक कडी उचलतो आणि म्हणतो, बघा हा एकटा वाघ!

पण ह्या रीतीच्याही आरत्या ओवाळू नका. मुदत संपत आली की पोरावर चोरीचा आळ घालायचा आणि रिकाम्या हाताने हाकलायचं, असे मालकही तिथे आहेत. सात वर्षं फुकट राबून रस्त्यावर आलेल्या त्या पोराची मुलाखत कोण घेणार? त्याने कशावरच 'मात' केलेली नाही ना!

आणखी एक गोष्ट ह्या भाऊबंदकीच्या कौतुकात दडपली जाते. इग्बो समाजात 'ओसू' म्हणून माणसं आहेत. कधीकाळी देवाला वाहिलेल्या माणसांची ही पोरंबाळं. त्यांच्याशी रोटीबेटी नाही, त्यांची वस्ती वेगळी, त्यांची सावलीही नको. १९५६ साली पूर्व प्रांताच्या विधिमंडळाने कायदा करून ही प्रथा बंद केली. कायदा झाला. पण चिनुआ अचेबेच्या १९६० सालच्या कादंबरीत परदेशात शिकून आलेला, साहेबी नोकरीतला नायक एका ओसू मुलीशी लग्न करायला निघतो, तर त्याची आई जीव द्यायची धमकी देते. आजही लग्न ठरताना मुलीच्या, मुलाच्या गावी गुपचूप माणूस पाठवून कूळ तपासतात. तुला-मला हे उलगडून सांगायला नको, दोस्ता. आपण हा वास हजारो मैलांवरून ओळखतो. पण कोट्यधीश इग्बो उद्योजकाला कुणी कधी विचारलंय का, तुझ्या घरात ओसू सून चालेल काय? तिथं माईक मुका होतो.

नॉलिवुडचं घ्या. १९९२ साली केनेथ न्नेबुए ह्या कॅसेटच्या व्यापाऱ्याने 'लिव्हिंग इन बॉन्डेज' हा सिनेमा व्हिडिओवर काढला, थेट कॅसेट करून बाजारात विकला. पुढे त्यातून केवढा मोठा धंदा वाढला हे जगाला माहीत आहे. गोष्ट सांगतात ती अशी की अडचणीतून कल्पना सुचली. बरोबर. पण अडचण आली कुठून? १९८६ साली बाबांगिडाच्या लष्करी सरकारने नाणेनिधी आणि वर्ल्ड बँकेच्या तालावर अर्थव्यवस्थेची 'फेररचना' केली. नायरा कोसळला. सिनेमाची रिळं बाहेरून आणणं परवडेना. रात्री रस्त्यावर लुटालूट, म्हणून थिएटरं ओस. लोक घरात कोंडले गेले आणि सिनेमा घरात आला. कलावंतांची हिकमत मोठीच. पण घर जाळणाऱ्याला कुणी आगीच्या उबेचं श्रेय देतं का? ह्या मुलाखती तेच करतात.

बुची एमेचेटा ही लागोसची पोर. सोळाव्या वर्षी लग्न, मग नवऱ्यापाठोपाठ लंडन. काळ्यांना खोली मिळत नाही. तिने चोरून कादंबरी लिहिली, नवऱ्याने ते हस्तलिखित जाळलं. बाविसाव्या वर्षी पाच लेकरं घेऊन ती बाहेर पडली. पहाटे उठून लिहिलं, लंडन विद्यापीठाची समाजशास्त्राची पदवी घेतली, १९७२ साली पहिलं पुस्तक आणलं. जळालेली कादंबरी पुन्हा लिहून १९७६ साली छापली. आज तिला 'प्रेरणादायी आई' करून टाकलंय. पण तिने स्वतः काय लिहिलंय ते वाचा! नवरा, घरमालक, सरकारी मदतीची कचेरी, एकेकाला तिने उभं करून हिशेब मागितलाय. पुस्तकाचं नाव ठेवलं 'सेकंड क्लास सिटिझन'. दुय्यम दर्जाचा नागरिक. माणूस आपोआप दुय्यम होत नाही, त्याला कुणीतरी दुय्यम करतं, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

फेला कुटीच्या आईचं नाव फुनमिलायो रॅन्सम-कुटी. हिने अबेओकुटाच्या बाजारातल्या बायांना गोळा केलं, बायकांवर लादलेल्या कराविरुद्ध राजवाड्याला वेढे घातले. गोऱ्यांच्या तालावर नाचणाऱ्या राजाला जानेवारी १९४९ मध्ये गादी सोडून जावं लागलं. पोरगा गाण्यातून लष्कराची अब्रू काढायला लागला. १८ फेब्रुवारी १९७७ ला सुमारे हजार सैनिक त्याच्या घरावर चालून गेले. घर जाळलं, बाया नासवल्या, ७६ वर्षांच्या फुनमिलायोला खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी ती वारली. सरकारी चौकशीने गुन्हेगार कोण ठरवला? 'अज्ञात सैनिक'! फेलाने आईच्या नावाची शवपेटी लष्करी सत्तेच्या दारात नेऊन ठेवली आणि त्या अज्ञात सैनिकावर आख्खी रेकॉर्ड काढली. आज त्याचा चेहरा टी-शर्टावर आहे. मुलाखतीत सगळे म्हणतात, फेला आमचं दैवत. आणि हाल कुणी केले म्हटलं की उत्तर तेच, अज्ञात.

आता केन सारो-विवा बघा. ह्या एका माणसात उद्योजकही होता आणि कलावंतही. दुकानदारी केली, जागाजमिनीच्या धंद्यात पैसा कमावला, पुस्तकं लिहिली. १९८० च्या दशकात 'बासी अँड कंपनी' ही टीव्ही मालिका काढून त्याने देशाला हसवलं. विषय काय? काम न करता लखपती व्हायची स्वप्नं बघणारे लागोसचे टगे. आजच्या प्रेरणावाल्यांची टिंगल त्याने तेव्हाच करून ठेवली होती! इथवर तो थांबला असता तर त्याच्याही मुलाखती झाल्या असत्या. पण त्याने आपल्या ओगोनी लोकांच्या शेतात, खाडीत सांडलेलं तेल दाखवलं आणि तेल कंपनीचं नाव घेतलं: शेल. लष्कराचं नाव घेतलं. ४ जानेवारी १९९३ ला लाखोंच्या संख्येने ओगोनी रस्त्यावर उतरले. १० नोव्हेंबर १९९५ ला अबाचाच्या राजवटीने त्याला आणखी आठ जणांसह फासावर लटकवलं. २००९ साली शेलने अमेरिकेतल्या खटल्यात १ कोटी ५५ लाख डॉलर देऊन मामला मिटवला, दोष मात्र कबूल केला नाही. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने सांगितलं, ही जमीन साफ व्हायला पंचवीस-तीस वर्षं लागतील. आणि २०२५ साली नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या नऊ जणांना माफी दिली. माफी! ज्यांनी मारलं त्यांनीच मेलेल्यांना माफ केलं.

समजलं ना गणित? चढलो कसा हे सांगशील तोवर तुला खुर्ची. खणलं कुणी हे सांगितलंस की दोर.

आणि ही जुनी गोष्ट नाही. सार्स नावाचं पोलिसांचं दरोडाविरोधी पथक होतं. रस्त्यात एखाद्या पोराकडे लॅपटॉप दिसला, महागडा फोन दिसला, केसांच्या जटा दिसल्या की ऑनलाइन ठग म्हणून उचलायचं, मारायचं, एटीएमपर्यंत फरपटत नेऊन पैसे काढायला लावायचे. ज्यांना मुलाखतीत 'आफ्रिकेचं भविष्य' म्हणतात, तीच ही पोरं. ऑक्टोबर २०२० मध्ये हीच पोरं, गायक, संगणकवाले, बाया रस्त्यावर आल्या. २० ऑक्टोबरच्या रात्री लेक्कीच्या टोलनाक्यावर झेंडे घेऊन बसलेल्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. लागोस राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने वर्षभराने अहवाल देताना हत्याकांड हाच शब्द वापरला. राज्य सरकारने हात झटकले. मुलाखतीत ह्या सगळ्याला काय म्हणतात ठाऊक आहे? 'व्यवसायासाठी खडतर वातावरण'. हवामान खात्याची भाषा!

आपल्याकडचे प्रेक्षकही काही कमी नाहीत. फोनवर नायजेरियन उद्योजकाची गोष्ट ऐकून गहिवरतात, दहा जणांना पाठवतात. आणि तोच नायजेरियन नालासोपाऱ्यात खोली बघायला आला की दार लावतात. २०१३ साली गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याचे देशबांधव चिडून हायवेवर आले, तर एका मंत्र्याने त्यांना कॅन्सर म्हटलं. २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने तुडवलं. पुढेमागे त्यातला एखादा मोठा झाला, तर त्याच्याच पुढे माईक धरून आपण विचारणार, भारतातल्या अडचणींवर मात कशी केलीत?

म्हणून सांगतो. ऐकायचंच असेल नायजेरियाच्या माणसांकडून, तर नीट ऐका. त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, आणि हसत हसत सांगायची धमकही आहे. पण पुढच्या वेळी माईक हातात आला तर हे विचारा. वीस पौंडांचा आकडा कुणाच्या टेबलावर ठरला? सात वर्षं राबलेल्या पोराचं भांडवल कुणी खाल्लं? ओसूच्या पोरीला सून करून घेणार का? खिडकीतून म्हातारीला फेकणारे हात कुणाचे? ओगोनींच्या खाडीत तेल कुणी सांडलं? टोलनाक्यावर गोळीचा हुकूम कुणी दिला?

नावं मिळतील. ती छापा. आणि जो मुलाखतवाला हे विचारणार नाही, त्याच्या कार्यक्रमात जाऊन तुम्ही ओरडून विचारा.