शिकेकाईला अडाणी म्हणण्याआधी

नांदेड-लातूरकडच्या व्यासपीठांवर हल्ली एक नवा सुधारक दिसू लागला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शिकेकाई, रिठा, उटणं, मेंदी हे सारे गरिबीचे अवशेष. परवडत नव्हतं म्हणून आज्यांनी वापरले. त्यामागे शास्त्र नाही, अंगावर उठण्याची भीती आहे आणि आता तेवढा वेळही कुणाला नाही. तेव्हा पोरींनो, बाटली घ्या आणि मोकळ्या व्हा. यावर टाळ्या पडतात, आणि मला संताप येतो. आपल्याच आज्यांना अडाणी ठरवून मिळवलेल्या टाळ्या आहेत त्या.

‘शास्त्र नाही’ हा त्यांचा हुकमी आक्षेप, म्हणून आधी तोच घेऊ. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं. ते जड असतं, पातेल्याला पांढरा थर धरतं. अशा पाण्यात साबण लावला की पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची चिकट साय जमते आणि ती केसांवर बसते. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस सॅपोनिन नावाच्या द्रव्यांचा असतो, त्याची तशी साय जमत नाही. शिवाय साबण अल्कधर्मी, तर शिकेकाईचा काढा किंचित आम्ल. म्हणून केस राठ होत नाहीत. आजचा शाम्पूही जड पाण्यात साय धरत नाही, हे मान्य. पण शाम्पू घरोघरी पोचण्याआधी निवड होती ती साबणाची वडी आणि शेंग यांच्यात. आमच्या आज्यांनी शेंग निवडली ती नुसती पैशाअभावी नव्हे, पाणी ओळखून निवडली.

ती वापरायची रीतही पाहा. रात्री शेंगा, बिया काढलेले रिठे आणि आवळकाठी भिजत घालायची. सकाळी मंद आचेवर उकळायची, कोमट झाल्यावर हातानं कुस्करायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. रिठा जास्त झाला तर केस कोरडे पडतात, म्हणून तो मोजूनच. काढा डोळ्यांत गेला तर आग होते, म्हणून पोरीला मान मागे टाकायला लावून डोकं धुवायचं. प्रमाण, तापमान आणि खबरदारी तिन्ही ज्या कृतीत आहेत, तिला शास्त्र म्हणायला सुधारकाची जीभ का अडखळते?

आणखी दाखला हवा? जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेनं १९९५ साली देऊन टाकलं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. घराघरातली हळद पेटंटच्या कचेरीत पुरावा म्हणून उभी राहिली. बावची घ्या. वैद्य ती कोडावर देत आले. तिच्यात सोरालेन असतं, आणि त्याच जातीचं द्रव्य पोटात देऊन अतिनील किरणांनी उपचार करायची पद्धत १९७० च्या दशकात त्वचारोगतज्ज्ञांनी रूढ केली. मेंदीचा रंग लॉसोन नावाच्या द्रव्यामुळे केसांतल्या प्रथिनाला धरतो. प्रयोगशाळेनं या वनस्पती मोडीत काढल्या नाहीत, त्यांचा अभ्यास केला. मोडीत काढतो तो आपला सुधारक, प्रयोगशाळेचं नाव घेऊन.

ही खोड जुनी आहे. याच मंडळींच्या आधीच्या पिढीनं ज्वारीच्या भाकरीला मागासलेपण ठरवलं, पोळी म्हणजे प्रतिष्ठा असं शिकवलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा तेच लोक भाकरीचे गुण गाऊ लागले. आपलं ज्ञान परक्याचा शिक्का बसेपर्यंत त्यांना दिसतच नाही.

राहिलेले आक्षेप. अंगावर उठतं? उठतं; बिब्बा उततो, बावची लावून उन्हात बसलं तर फोड येतात, आणि हे आपल्या बायांना सुधारकाच्या आधीपासून ठाऊक आहे. काळ्या मेंदीनं कातडी भाजते? तो दोष बहुतेक वेळा पानाचा नसतो, त्यात मिसळलेल्या पॅरा-फेनिलीन-डायअमिन या रंगाचा असतो. वेळ नाही? मग ज्याला आहे त्याला तरी हसू नका. आणि बाटली एवढी पुढारलेली असेल, तर तिच्यावर आवळ्याचं चित्र कशाला?

आता माझी बाजू. वनस्पतीनं सगळं बरं होतं, असं मी म्हणत नाही. टकलावर केस उगवून देतो म्हणणारा तेलवाला मला सुधारकाइतकाच नकोसा आहे. औषधानं टक्कल जातं असा दावा करायला कायद्यानंही मनाई आहे. चट्टा पसरत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. पण रोजच्या निगेसाठी अत्ताराकडून तयार पूड न घेता अख्खी शेंग घ्यावी, घरी कुटावी. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहावी. शिकेकाईची वेल काटेरी असते, बांधावर कुंपण म्हणूनही चालेल. आणि नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या मुलांनी गावोगाव जाऊन आज्यांची प्रमाणं लिहून घ्यावीत, तपासावीत, खोटं ठरेल ते सोडावं आणि खरं ठरेल ते शिकवावं.

तपासाला आमची ना नाही. न तपासताच अडाणी ठरवण्याला आहे, आणि ती राहणार.