त्याला धुकं म्हणू नका राव!

थंडी आली की फेसबुकवर पहाटेच्या मुंबईचे फोटो सुरू. सी-लिंक अर्धा गायब, सूर्याचा केशरी गोळा आणि वर कॅप्शन, 'धुक्यात हरवलेली मुंबई'. शेकडो लाइक्स.

मीही कॅमेरावालाच. सकाळी साडेसहाला दादर चौपाटीवर ट्रायपॉड लावून उभा असतो, म्हणून स्पष्ट बोलतो. धुकं असेल तर ते ऊन चढलं की विरतं. हे मात्र अकरा वाजले तरी तसंच राखाडी लोंबकळत असतं. थंडीत रात्री जमीन गार होते, वारा पडतो, वर उबदार हवेचं झाकण बसतं. मग बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, जाळलेला कचरा सगळं खालीच कोंडतं. आपला 'गोल्डन लाइट' येतो तो यातून गाळून!

पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढले. मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे. पाळतंय कोण?

फोटोग्राफर मित्रांनो, पुरावा आपल्याकडेच आहे. एकाच जागेवरून पावसाळ्यातल्या उघडिपीचा आणि जानेवारीचा फोटो शेजारी-शेजारी टाका. तारीख, वेळ, ठिकाण लिहा. डीहेझच्या स्लायडरला हात लावू नका. नगरसेवकाला, वॉर्ड ऑफिसला टॅग करा.

त्याच पहाटे रस्ता झाडणाऱ्या ताई हीच हवा छातीत भरून घेतात. त्यांच्या खोकल्याला आपण 'ड्रीमी मूड' म्हणणार का?