सावलीची नोंद करा : शेळगाव परिसरातील ग्रामस्थांना जाहीर आवाहन

शेळगाव, अंथुर्णे, गोतोंडी, निमगाव केतकी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील वडीलधारी मंडळी, आयाबहिणी आणि तरुण मित्रांनो,

पाटसपासून बारामती-इंदापूरमार्गे तोंडले-बोंडल्यापर्यंत जाणारा, सुमारे १३० किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग आपल्या शिवाराला लागून गेला. हे आवाहन काढणाऱ्या आम्हा मंडळींचा त्या रस्त्याला विरोध नव्हता, आजही नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आणि भरलेली एसटी जुन्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आली की काय व्हायचं, हे या पट्ट्यात कुणाला सांगायची गरज नाही. वारकऱ्यांना चालायला वेगळी पट्टी मिळाली, हेही चांगलंच झालं.

पण त्या पट्टीवरून भर दुपारी एकदा चालून पाहा. आषाढात कोकणात पाऊस कोसळत असतो, आपल्या इंदापूर तालुक्यात मात्र कित्येकदा ऊनच तापत असतं. तुकोबांची पालखी अंथुर्ण्याचा मुक्काम उरकून निमगाव केतकीकडे निघते, तेव्हा मधल्या टप्प्यात दिंड्या टेकायच्या त्या झाडाखालीच. वड, चिंच, कडुलिंब ही रस्त्याकडेची जुनी झाडं रुंदीकरणात गेली. आता विसाव्याला मंडप घालावा लागतो, नाहीतर ट्रकच्या सावलीला बसावं लागतं. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसवताना खुद्द पंतप्रधानांनी मार्गालगतच्या लोकांकडे तीन गोष्टी मागितल्या होत्या. त्यातली पहिलीच होती पालखीच्या पायवाटेला सावली देणारी झाडं लावण्याची. ती मागणी किती पुरी झाली, ते ज्याने त्याने आपल्या गावाच्या हद्दीत बघावं.

गेलं त्याचं रडगाणं गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. चिंता पुढची आहे. मोठा रस्ता झाला की त्याला येऊन मिळणारे रस्ते रुंद होतात, हा ठरलेला क्रम आहे. फाट्यावरून गावात येणारे, कारखान्याकडे जाणारे, वस्त्या जोडणारे. मागणी आपणच करणार, आमदार-खासदारांना निवेदनं आपणच देणार, आणि रस्ते हवेतच. प्रश्न एवढाच की ते रुंद होताना आपली बाग राहणार का.

कुठली बाग, असं कुणीही विचारेल. पुण्यात बाग म्हणजे कुंपण, फाटक, वेळेची पाटी. खेड्यात तसं काही नसतं. पार आणि त्यावरचा पिंपळ, शाळेच्या मैदानाच्या कडेची चिंच, देवळामागची मोकळी जागा, स्मशानभूमीतले कडुलिंब, एसटीची वाट बघायचा वड. म्हातारी माणसं संध्याकाळी टेकतात तिथे, पोरं विटीदांडू-क्रिकेट खेळतात तिथे, ऊसतोड टोळ्यांच्या बायका लेकरांना निजवतात तीही तिथेच. हेच आपलं सार्वजनिक उद्यान. पण सरकारी कागदावर या जागेला रस्त्याची हद्द म्हणतात, नाहीतर गायरान, नाहीतर नुसतंच ‘मोकळी जागा’. सगळी अडचण इथे आहे.

ही अडचण जरा तपशिलात समजून घ्या. शहरात महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत झाडं तोडायची तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आड येतो. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, लोकांकडून हरकती मागवाव्या लागतात. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देण्याची तरतूदही त्यात आली. पण हा कायदा शहरांचा. आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो चालत नाही. आपल्याकडे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ आहेत. वड, पिंपळ, कडुलिंब नाहीत! म्हणजे ज्या झाडाला वटपौर्णिमेला आपण सूत गुंडाळतो, ते त्या यादीत बसत नाही.

जमिनीचं तसंच. कुणाची खासगी जमीन घ्यायची असेल तर नोटीस निघते. राष्ट्रीय महामार्गासाठी असेल तर १९५६ च्या कायद्याखाली २१ दिवसांत, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर ६० दिवसांत हरकत घेता येते. पण पार, वड, मोकळी जागा आधीच रस्त्याच्या हद्दीत धरलेली असेल तर संपादन करायचंच नसतं. मग नोटीस कुणाला द्यायची? वडाला तर सातबारा नसतो. सकाळी यंत्र येतं, दुपारी बुंधा पडतो, आणि लोक जमतात ते संध्याकाळी फोटो काढायला.

कागदावर एका शब्दाने काय फरक पडतो, त्याचं उदाहरण बंगळूरचं आहे. राजमहाल विलास एक्स्टेन्शन या वसाहतीच्या आराखड्यात बागेसाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला देण्यात आली. रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. तिथे रस्ता नव्हता, रुग्णालय होतं, म्हणजे लोकोपयोगी कामच. तरीही लोकांसाठी राखलेली बाग अशी देऊन टाकता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. लोक जागरूक होते हे खरं, पण त्यांच्या हातात आराखडा होता आणि त्यावर ‘बाग’ लिहिलेलं होतं. पुण्यातले लोक बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीसाठी वर्षानुवर्षं भांडू शकतात, त्यामागेही नकाशे आणि फायलींचा आधार आहे. आपल्याकडे भांडायला माणसं आहेत, फाईल नाही.

आपल्यासारख्याच गावाचं उदाहरण हवं तर सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावाकडे पाहा. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात यल्लम्मा मंदिराजवळचा, लोक चारशे वर्षांचा सांगतात तो वड जाणार होता. २०२० साली गावकरी आणि पर्यावरणप्रेमी आडवे उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं, आणि वडासाठी महामार्गाची आखणी बदलण्यात आली. रस्ता झाला नाही असं नाही. तो थोडा सरकला. आपली मागणीही एवढीच असायला हवी. ‘रस्ता नको’ म्हणाल तर शेजारचा शेतकरी पहिला तुमच्यावर उठेल, आणि त्याचं चुकणारही नाही. ‘या जागी चार मीटर पलीकडून घ्या’ म्हणाल तर अभियंत्याला निदान ऐकून घ्यावं लागेल. मात्र ते आखणीच्या वेळी म्हणायला हवं. मुरूम पडल्यावर नाही.

‘एक तोडलं तर दहा लावू,’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पाच्या खर्चाचा एक टक्का वृक्षलागवडीसाठी आणि देखभालीसाठी बाजूला ठेवायचं ठरलेलं आहे, म्हणजे पैशाची सबबही नाही. पण त्या दहांना एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालतं? शेळ्या-मेंढ्यांपासून कोण राखतं? पावसाळ्यात फोटोपुरतं लावलेलं रोप पाडव्यापर्यंत टिकलं तर नशीब. शिवाय लावायला आणतात ती झाडं बघा. दुभाजकावरची कण्हेर ठीक आहे, पण तिच्याखाली दिंडी बसत नाही. नव्या लागवडीला आमचा पाठिंबाच आहे. वड, पिंपळ, चिंच, कडुलिंब लावा आणि तीन उन्हाळे टँकर कुणाचा, ते लेखी द्या. तोवर जुन्या झाडाच्या बदल्यात नवं रोप हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

म्हणून विनंती अशी. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना १ ते ३३ असतात. रस्ते नमुना २३ मध्ये, जमिनी नमुना २४ मध्ये, आणि शेवटचा नमुना ३३ हा वृक्ष नोंदवहीचा. तो मागून बघा. कोरा असेल तर भरायला लावा. रस्त्याकडेचं, पाराचं, शाळेचं, स्मशानभूमीचं प्रत्येक मोठं झाड त्यात आलं पाहिजे : जात, जागा, छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर. वय सांगता येत नसेल तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. ‘माझ्या लग्नाची पंगत याच्याखाली बसली होती’ एवढंही पुरे. तेच लिहून घ्या आणि सही किंवा अंगठा घ्या. शाळेच्या गुरुजींना आणि बाईंना आमची खास विनंती आहे की सातवी-आठवीच्या मुलांना दोरी आणि टेप घेऊन एक दिवस बाहेर काढा. घेर मोजण्यात गणितही होईल आणि भूगोलही.

ज्या रस्त्याची चिंता वाटते, तो कुणाच्या ताब्यात आहे ते आधी नक्की करा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. चुकीच्या कचेरीत दिलेलं निवेदन तिथेच पडून राहतं. रस्त्याची हद्द नेमकी कुठपर्यंत आहे, रुंदीकरणाचा प्रस्ताव आहे का, आखणीचा नकाशा कुठे आहे, हे माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. ज्यांच्या बांधावर मोठी झाडं आहेत त्यांनी ई-पीक पाहणी करताना त्यांचीही नोंद करावी. ते पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते सोडून देतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रामसभा. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, पेढा हातात पडला, की आपण घराकडे वळतो आणि ग्रामसभा मग खुर्च्यांचीच होते. यंदा थांबा. ठराव साधा आहे : गावाच्या हद्दीतील पार, मैदान, स्मशानभूमी आणि मोठी झाडं असलेल्या मोकळ्या जागा सार्वजनिक उद्यान व विसाव्याची ठिकाणं म्हणून नोंदवाव्यात, आणि कोणत्याही रुंदीकरणाच्या आखणीआधी संबंधित खात्याने ग्रामसभेसमोर नकाशा मांडावा. या ठरावाने उद्याच बुलडोझर थांबेल असं आम्ही म्हणत नाही. तो कायदा नव्हे. पण पुढे निवेदन द्यायचं, कलेक्टर कचेरीत जायचं किंवा कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर आपल्या फाईलचं पहिलं पान तेच असेल.

महिलांची ग्रामसभा आदल्या दिवशी घेण्याची पद्धत आहे. तिथेही हाच ठराव मांडावा. बचत गटांच्या ताईंनी पुढाकार घेतला तर काम लवकर होईल, असा आमचा अनुभव आहे. सरपंच कुणाच्या गटाचे, सदस्य कुणाच्या पॅनलचे, हा विषय त्या दिवसापुरता बाहेर चपलांजवळ ठेवावा.

येताना आपल्या भागातल्या झाडांची यादी घेऊन या. ठराव झाल्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) त्याची शिक्क्यासह नक्कल त्याच दिवशी मागा, आणि एक प्रत गावच्या शाळेत, एक देवळात लावा.

आपले,
शेळगाव व परिसरातील काही ग्रामस्थ