दिवाळीच्या आठवणी आणि एक जूनचा वाढदिवस

ऑक्टोबर उजाडला की दिवाळी अंकांतून एक लेख हमखास येतो. लेखक बदलतो, गाव बदलते, लेख तोच असतो. पहाटेची थंडी, तांब्याचा बंब, उटण्याचा वास, पायाखाली फुटणारे कारीट, चुलत-आते भावंडांची झुंबड, फराळाला आलेले मित्र आणि शेवटी ‘ती दिवाळी आता राहिली नाही’ हा उसासा. ‘मासिक मनोरंजन’चा १९०९ सालचा अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. म्हणजे या परंपरेला शतक उलटून गेले. एवढ्या काळात मराठी कथा बदलली, कविता तर ओळखू येऊ नये इतकी बदलली. या स्मरणलेखाला मात्र समीक्षेने कधी हात लावलेला दिसत नाही. तो निरुपद्रवी समजला जातो, आणि माझा आक्षेप नेमका या समजालाच आहे.

या लेखाचे व्याकरण पाहा. पाणी तापलेले असे. पणत्या लागत. चकल्या होत. अंगण सारवलेले असे. मराठीत तापणे-तापवणे, लागणे-लावणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. विद्यार्थ्यांना आपण त्या प्रयोजक क्रियापदांच्या पाठात शिकवतो. दिवाळीच्या लेखांत या जोड्यांतले पहिलेच क्रियापद भेटते. पाणी आपोआप तापते, पणत्या आपसूक लागतात. ‘उटणे लावले जाई’ हा कर्मणी प्रयोग तर एखाद्या सरकारी परिपत्रकात शोभावा. कर्ता अजिबात नसतो असे नव्हे. मी कुडकुडत असे, मी रुसत असे, मी डब्यातली करंजी चोरत असे, या वाक्यांत तो ठणठणीत आहे. मधूनच ‘आईच्या हाताची चव’ येते, पण तिथेही आई येत नाही, तिचा हात तेवढा येतो.

हे मी दुरून बोलत नाही. असा एक लेख मीही लिहिला आहे, काही वर्षांपूर्वी, एका दिवाळी अंकात. आमच्या तालुक्याच्या गावचा वाडा, सोळा माणसे, पहाटे चारपासूनच्या आंघोळी, वडिलांची आधी, मग काकांची, मग आम्हा मुलांची, असा सगळा क्रम मी मोठ्या हौसेने नोंदवला होता. अंक आईला नेऊन दिला. तिने चष्मा लावून लेख सावकाश वाचला, मिटून ठेवला आणि विचारले, “छान लिहिलंयस. पण यात सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. माझी कधी झाली रे?”

मला सांगता आले नाही. तिनेच सांगितले. साडेतीनला, बंब पेटवण्याच्या आधी, आदल्या रात्री भरून ठेवलेल्या गार पाण्याने. कारण सोवळ्यातला स्वयंपाक होता, आणि पारोशाने चुलीला शिवायचे नाही. तेल कोणी लावायचे हा प्रश्नच नव्हता, उठलेले कोणी नसे. आमच्या घरातले अभ्यंगस्नान मी दीड हजार शब्दांत वर्णिले होते आणि ज्या बाईने ते सोळाजणांना घातले, तिला त्या दिवशी ऊन पाणी मिळाले नव्हते, हे मला ठाऊकच नव्हते. तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. लेखातली एक चूक दाखवावी तसे सांगितले.

दिवाळीचे पाचही दिवस या दृष्टीने पुन्हा पाहावेत. चतुर्दशीला तेल लावायचे ते तिने, पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचे ते तिने, भाऊबीजेला भावाला ओवाळायचे तेही तिनेच. निरांजनाचे तबक सणभर एकाच बाजूच्या हातांत राहते. ओवाळणी पडते हे खरे, पण ती तबकात पडते.

वाढदिवसाचेही तसेच. केक कापणे आणि मेणबत्ती फुंकणे ही परकी रीत, आपली रीत औक्षणाची, दिवा विझवायचा नसतो, लावायचा असतो, हा युक्तिवाद आता इतका पाठ झाला आहे की संस्कृतिरक्षण म्हणजे काय ते त्यातच संपते. (इथे ‘लावणे’ बरे आठवते!) मुळात सामान्य माणसाचा दरवर्षीचा, तारखेचा वाढदिवस हीच आपल्याकडे फार जुनी गोष्ट नव्हे. जन्मोत्सव देवांचे होते, राजांचे होते. घरात पहिला वाढदिवस होई, साठी-एकसष्टी होई, आयुष्य लाभले तर सहस्रचंद्रदर्शन. तारीख आली ती शाळेच्या दाखल्यासाठी. आणि दाखल्याला तारीख लागते म्हटल्यावर गुरुजींनी ती देऊन टाकली. जूनमध्ये शाळा उघडणार, तर लिहा एक जून. आजही महाराष्ट्रात एका पिढीचे वाढदिवस एक जूनला येतात, आणि म्हणून ३१ मेला कचेऱ्या-कचेऱ्यांतून निवृत्तीचे निरोपसमारंभ लागतात. हा विनोद सर्वांना माहीत आहे. त्या पिढीच्या ज्या मुली शाळेतच गेल्या नाहीत, त्यांना एक जूनसुद्धा मिळाला नाही, हे त्या विनोदात येत नाही.

बहिणाबाई चौधरींचे पाहा. लिहिता-वाचता न येणाऱ्या या कवयित्रीच्या कविता मुलाने, सोपानदेवांनी आणि आप्तांनी उतरून घेतल्या, म्हणून १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आपल्या हाती आल्या. चरित्रनोंदी सांगतात की तिचा जन्म १८८० च्या नागपंचमीचा, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच दमात तारीख देतात २४ ऑगस्ट. पंचांगाचा हिशेब मागे नेऊन पाहिला तर त्या वर्षीची नागपंचमी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पडते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. तरी २४ ऑगस्टला आपण जयंती साजरी करतो, व्याख्याने देतो. मला स्वतःला नागपंचमी खरी वाटते, कारण घरातल्या बायका तिथी विसरत नाहीत. पुरुष साहित्यिकांच्या एकसष्ट्या, अमृतमहोत्सव आणि गौरवग्रंथ मात्र दिनांकासह तपासून घ्यावेत, एकही चुकलेला नसतो. प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात ‘सौ.’च्या अबोल साथीचे आभारही असतात. साथ अबोल होती की ऐकली गेली नाही, हे संपादक मंडळाने विचारलेले नसते.

यावर ठरलेले उत्तर आहे: त्यांना आनंद होता. होता, हे मी नाकारत नाही. माझ्या आईलाही होता, ती स्वतः सांगते. पण तो कशाचा होता हे आपण तिच्याकडून कधी घेतले? घरातली बाई स्वतः लिहिते तेव्हा काय होते ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये दिसले आहे. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाखाली दबलेले घर तिथे हसतखेळत उघडे पडते, आणि एका शब्दाचाही पाक ओघळत नाही. ते पुस्तक आपण गेली कित्येक वर्षे अभ्यासक्रमाला लावतो आहोत, आणि दिवाळीत लेख लिहायला बसलो की विसरतो आहोत.

आईच्या दाखल्यावर अर्थातच १ जून १९४८ आहे. आजी सांगे, “गांधीजी गेले त्या सालचा पोळा झाला, दुसऱ्या दिवशी ही झाली.” त्यावरून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला दिवस निघतो. गुरुजींनी तिला तीन महिन्यांनी थोरली करून टाकले होते. सत्तरीला, २०१८ साली, आम्ही भावंडांनी तो दिवस शोधून काढला आणि नातेवाईक व तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी बोलावल्या. बायकोने आदल्या रात्री बजावले होते की सकाळी आईंनी उठायचे नाही. पाच वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला. पुरण शिजत होते. “सगळे येणार ना,” ती म्हणाली. मग मी बंबाऐवजी गीझर लावला आणि माझ्या बहिणीने तिला तेल लावले. ती अवघडून बसली होती. तेल गार आहे, हळद पडेल, उशीर होतोय, असे काहीबाही बोलत राहिली.

त्यानंतर एका संपादकांनी पुन्हा दिवाळीच्या आठवणी मागितल्या. मी या वेळी लिहिले नाही, आईला बोलायला लावले आणि उतरून घेतले. चार पाने झाली. गुळाच्या ढेपेचा भाव, भाजणी कोणाच्या जात्यावर चांगली दळली जाई, एका वर्षी अनारसे तुपात विरघळले ते खापर कोणावर फुटले, आणि पाडव्याच्या दुपारी दार लोटून दोघी जावा तासभर झोपत, त्या झोपेचे अगदी बारकाईने केलेले वर्णन. लेख आठवड्याने परत आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की मजकूर वाचनीय आहे, पण त्यात दिवाळी येत नाही.