पंचनाम्यात न मावणारी संकटे

खानदेशात संकट आले की सर्वात आधी कानावर येणारा शब्द म्हणजे पंचनामा. वादळाने केळीची बाग आडवी झाली, अवकाळीने वेचणीला आलेला कापूस भिजला, पुराचे पाणी दुकानात शिरले, की तलाठी येतो, कागद होतो आणि मदतीची वाट पाहणे सुरू होते. मदत तोकडी असते, उशिरा येते, या तक्रारी जुन्याच आहेत. तपासायला हवा तो या व्यवस्थेच्या मुळाशी असलेला समज. नुकसान म्हणजे डोळ्यांना दिसणारी, मोजता येणारी वस्तुहानी, असा तो समज आहे. जळगाव-धुळ्याच्या व्यापारउदिमावर अलीकडे येणारे आघात वेगळ्या जातीचे आहेत. काही जळत नाही, काही वाहून जात नाही, तरी धंदा बसतो. या संकटांचा पंचनामा होत नाही, म्हणून त्यांची तयारीही होत नाही.

३१ जुलै २०२४ ला देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक यूपीआय आणि एटीएमला मुकले. त्यांत बहुतांश बँका सहकारी आणि ग्रामीण होत्या. त्यांपैकी कोणाची तिजोरी फुटली नव्हती. या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि तो पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिची जोडणी तोडली. ती दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली, हे सुदैव. त्याआधी बाराच दिवस, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. तिथे तर चोरही नव्हता, नुसती चूक होती. सहकारी बँकांच्या खात्यांवर ज्यांचे रोजचे देणेघेणे चालते, त्या आपल्या डाळमिल, जिनिंग आणि बाजार समित्यांनी हा इशारा स्वतःसाठी आहे असे मानले पाहिजे. हमालाची मजुरी आणि ट्रकचे भाडे मोबाइलवरून जाऊ लागल्यापासून हजारो व्यवहारांची किल्ली एकाच खुंटीला टांगली गेली आहे.

रस्त्यांचेही तेच. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे हे महामार्ग धुळ्यात एकत्र येतात. शहराच्या व्यापाराचे ते बळ आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, सोलापूर-धुळे महामार्गावरच्या कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि मराठवाड्याकडची वाहतूक ठप्प झाली. बुडालेल्या दुकानांचे पंचनामे होऊ शकतात. लांबच्या वळणावर गेलेले डिझेल आणि हुकलेली ऑर्डर कोणत्या रकान्यात लिहिणार? उन्हाचा हिशेब तर याहून अवघड. मे २०२४ मध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात गेल्यावर जळगाव जिल्हा प्रशासनाने कलम १४४ चा आधार घेऊन कामगारांना भर दुपारी उन्हात राबवण्यावर निर्बंध आणले. निर्णय योग्यच होता. पण दुपारचे काम पहाटे किंवा रात्री कसे हलवायचे, याचे वेळापत्रक आदेश निघाल्यावर आखायला घेतले तर रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतोच.

तिसरा आघात कागदावरून येतो. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत हटवले, मग ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेच्या तेव्हाच्या ५० टक्के शुल्काने अडचणीत येणाऱ्या वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा, हा त्यामागचा विचार होता. वाढीव मुदत मात्र नेमकी आपल्या नव्या हंगामावर आली. खेडा खरेदीचा भाव आणि गाठींचा सौदा ज्यांवर ठरतो ते निर्णय वॉशिंग्टन आणि दिल्लीत झाले. आकाशात ढग नव्हता, तरी धोका खरा होता.

या तिन्हींत समान धागा एकवटलेपणाचा आहे: एक सेवापुरवठादार, एक घाट, एक बाजारपेठ. जळगावच्या केळीत तो सर्वात ठळक दिसतो. ग्रँड नैन या एकाच वाणाने आपल्याला भरघोस उत्पादन दिले. पण ग्रोस मिशेल या एकाच वाणावर विसंबलेला लॅटिन अमेरिकेतील केळीचा व्यापार पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीत काढला, आणि त्या रोगाचा टीआर-४ हा नवा अवतार बिहार आणि उत्तर प्रदेशात पोहोचला आहे. तो मातीत वर्षानुवर्षे राहतो. पंचनामा फक्त यंदाचे घड मोजतो. म्हणूनच व्यवसाय-सातत्याचा विचार करणारे आता ‘कोणती आपत्ती येईल’ यापेक्षा ‘ही एक गोष्ट गेली तर काय थांबेल आणि तिच्याविना किती काळ चालेल’ असे विचारतात. आयएसओ २२३०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा गाभाही हाच आहे.

हे सारे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत, छोट्या मिलवाल्याला दुसरा पुरवठादार आणि राखीव यंत्र परवडत नाही, असे म्हटले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. मार्जिन इतके बारीक असते की राखीव ठेवलेला रुपया वाया गेल्यासारखाच वाटतो. पण सगळी तयारी पैशांची नसते. येणे-देणे कागदावर उतरवलेले असणे, दुसऱ्या बँकेत चालते खाते असणे, उन्हाळी पाळी आधीच ठरलेली असणे, याला फार खर्च येत नाही. शिवाय जोखीम वाटून घेणे आपल्याला नवे नाही. लागवड मृगबाग आणि कांदेबाग अशी विभागली की एका हंगामाचा फटका दुसऱ्यावर येत नाही, हे इथला शेतकरी जाणतो. दुसरा आक्षेप असा की हे काम सरकारचे आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे नेमली हे खरे. पण त्यांचा पहिला धर्म जीव वाचवण्याचा. सोमवारी कारखाना कसा सुरू होईल, हे मालकानेच ठरवायचे असते.

मात्र जे एकट्याला पेलत नाही ते संघाला पेलते. जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींतील संघटना, बाजार समित्या आणि सहकारी बँका यांनी वर्षातून एक दिवस ठरवून सर्व्हर बंद, वीज बंद, घाट बंद असे धरून व्यवहार चालवून पाहावेत. पर्यायी रस्ते, पर्यायी खरेदीदार आणि हस्तलिखित पावत्या त्या दिवशी खऱ्या कसाला लागतील. तोलाई कुठे अडली, मजुरी कोणाची थकली, हे कळेल आणि त्याची नोंद राहील. झालेल्या हानीचा पंचनामा तलाठी करतो. व्हायच्या हानीचा हा पंचनामा मात्र व्यापाऱ्यालाच करावा लागेल.